स्क्रू काढण्याआधी

साशंक : घरच्या माणसाने लॅपटॉप उघडू नये, असं माझं सरळ मत आहे. पूर्वीचे लॅपटॉप वेगळे होते. खालची खिट्टी सरकवली की बॅटरी हातात यायची, छोटं झाकण काढलं की रॅम दिसायची, आणि हौस तेवढ्यावर भागायची. आता अख्खा तळ एकसंध असतो. बॅटरी आत असते, काही यंत्रांत ती गोंदाने चिकटवलेली असते. कीबोर्ड, टचपॅड, डिस्प्ले यांच्या जोडण्या अगदी पातळ रिबन केबलने केलेल्या असतात. लोक व्हिडिओ बघतात, दहा मिनिटांचं काम दिसतं, आणि स्क्रू काढायला बसतात. केबल सरळ वर ओढली की कनेक्टरची लॅच तुटते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला की तो थेट बोर्डात घुसतो. पंखा साफ करायला निघालेला माणूस नवा बोर्ड शोधत फिरतो. कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, मुळात धड असलेली पण उघडल्यामुळे बिघडलेली यंत्रं त्याच्याकडे येतच असतात.

हौशी : व्हिडिओंबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. त्या दहा मिनिटांत जे दाखवत नाहीत, तेच खरं काम आहे. पंख्यातली धूळ काढणं, एसएसडी बदलणं, रॅम वाढवणं, दमलेली बॅटरी बदलणं, यांत सोल्डरिंग नाही, चिप लेव्हलचं काही नाही. हाताला लागणारं कौशल्य बेताचंच असतं. जड असते ती तयारी, आणि तिच्यात स्क्रू ड्रायव्हरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. माझा पहिला प्रश्न असा असतो : हे यंत्र आज कायमचं मेलं, तर माझं काय जाईल? उत्तरात मुलांचे फोटो असतात, आयकराची कागदपत्रं असतात, अर्धा झालेला प्रबंध असतो. म्हणून बॅकअप. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर मी थांबत नाही. तो दुसऱ्या यंत्राला जोडून चार-पाच फाइली खरोखर उघडून बघतो. हार्ड डिस्कवर फोल्डरचं नाव दिसतं आणि आत काहीच नसतं, असं घडू शकतं.

साशंक : बॅकअपचा उपदेश सगळेच करतात. पंखा साफ करायचा असेल तर डिस्कला हातही लागत नाही. मग एवढा सोपस्कार कशाला?

हौशी : कारण आपण कशाला हात लावणार हे आपण ठरवतो, आणि धक्का कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं. शिवाय आता कुलुपाचा प्रश्न आहे. विंडोजच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते, आणि मालकाला ते माहीतही नसतं. त्या कुलुपाची किल्ली बोर्डावरच्या सुरक्षा-चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. कधी कधी बायोसमधली एखादी सेटिंग बदलली तरी मागतं. ती की साधारणपणे मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण ते खातं उघडायला लागणारा ओटीपी जुन्या नोकरीतल्या नंबरवर जात असेल, तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून यंत्र चालू आहे तोवर की शोधायची, कागदावर लिहायची, आणि कामापुरतं बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं. ॲपलच्या यंत्रात ‘फाइंड माय’ बंद करायचं. ही सगळी कामं चालत्या यंत्रावर बसून होतात. उघडल्यावर आठवली तर उशीर झालेला असतो.

साशंक : ठीक. पण यात ‘सुरक्षित’ काय? यंत्र बंद करावं, चार्जर काढावा, झालं. बंद म्हणजे बंद.

हौशी : इथेच बहुतेकांची फसगत होते. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. तेव्हा यंत्र झोपलेलं असतं, रॅमला वीज चालू असते. ‘शट डाऊन’ दाबलं तरी विंडोज ८ पासून पुढे बहुतेक यंत्रांत फास्ट स्टार्टअप चालू असतं. म्हणजे प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो. अशी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिच्यावर काही लिहिलं, तर फाइली खराब होऊ शकतात. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं, तर ते पूर्ण होतं. आता विजेकडे येऊ. यंत्र पूर्ण बंद असलं तरी बॅटरी जोडलेली आहे तोवर बोर्डाच्या काही भागात वीज असतेच. पॉवरचं बटण दाबल्यावर ते ओळखायला कोणीतरी जागं लागतंच की. तेवढ्यासाठी ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषा जिवंत ठेवलेल्या असतात. अशा बोर्डावर सुटा स्क्रू पडला आणि नको त्या दोन टोकांना टेकला की शॉर्ट. डिस्प्लेच्या कनेक्टरवर तर बॅकलाइटचा जास्त व्होल्टेजचा पिन, काही मॅकबुकमध्ये तो ५० व्होल्टच्या आसपास असतो, आणि प्रोसेसरकडे जाणाऱ्या अगदी कमी व्होल्टेजच्या रेषा जवळजवळ असतात. वीज असताना ती केबल तिरकी निघाली, तर बॅकलाइट उडतो, आणि नशीब वाईट असेल तर प्रोसेसरही. म्हणून तळ उघडल्यावर पहिलं काम एकच : बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तारांना धरून ओढायचं नाही, प्लास्टिकच्या पट्टीने किंवा नखाने कनेक्टरच्या अंगाला धरून. तो वर उचलला जातो की बाजूला सरकतो, हे आधी बघून घ्यायचं. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे कपॅसिटरमध्ये राहिलेली वीज उतरते. हे होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात नाही.

साशंक : आणि तो कनेक्टर सोडवेपर्यंतचा वेळ? तळ उचकटताना तर बॅटरी जोडलेलीच असते. धातूची टोकदार पट्टी घालून कडा उचकटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि खाली दोन बोटांवर बॅटरी.

हौशी : म्हणून उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणायचा. लिथियम-आयन बॅटरीत जितकी ऊर्जा भरलेली, तितका तिला भोक पडल्यावर भडका मोठा. बॅकअप घेताना चार्जर लागतो, म्हणून क्रम असा : आधी बॅकअप, मग चार्जर काढून यंत्र वापरत राहायचं, चार्ज उतरला की पूर्ण बंद करायचं. कडा उचकटायला प्लास्टिक, धातू नाही. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलमध्ये बायोसमध्येच आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो. तो निवडला की यंत्र तिथेच बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत जागं होत नाही. तळ उचकटतानाची धास्ती त्याने बरीच कमी होते. दुरुस्त करणारा माणूस बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर होता, याचा हा पुरावाच समजा.

साशंक : आता स्थिर विजेकडे या. मनगटाला पट्टा बांधा, असं प्रत्येक पुस्तिकेत असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. दिवसभर बोर्ड हाताळणारे लोक उघड्या हाताने काम करतात. पट्टा कोणी बांधत नाही, आणि त्यांची यंत्रं चालतात. मला तर हे कंपन्यांनी घातलेलं भय वाटतं, म्हणजे माणूस आपणहून उघडायला धजावणार नाही.

हौशी : या आक्षेपात तथ्य आहे, पण तुम्ही काढता तो अर्थ त्यातून निघत नाही. मुंबईची हवा दमट. दमट हवेत अंगावरचा भार टिकत नाही, सहज निघून जातो. एप्रिलमध्ये नागपूरला, किंवा एसी लावलेल्या खोलीत सिंथेटिक सतरंजीवर बसून तेच काम करा. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या वर. काही नाजूक चिपना शंभर-दोनशे व्होल्टही पुरतात. म्हणजे मला काहीच जाणवलं नाही, या साक्षीला किंमत नाही. आणि इजा झाली तरी चिप त्याच क्षणी मरेल असं नसतं. ती अधू होते, महिन्यांनी दगा देते, आणि तेव्हा कारण कोणाला सापडत नाही. लॅमिंग्टन रोडच्या कारागिराला त्याची यंत्रं पुढे कशी चालली, हे कुठे कळतं?

साशंक : पण तुम्हालाही ते दाखवता येत नाही. न दिसणारी इजा, न सापडणारं कारण. असा युक्तिवाद कशालाही लावता येतो.

हौशी : एकेका यंत्रापुरतं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण चिप बनवणारे कारखाने या एका गोष्टीसाठी जमीन, टेबल, कपडे, हवेची आर्द्रता, सगळ्यावर खर्च करतात. ते ग्राहकाला घाबरवायला नाही, त्यांचाच माल वाया जाऊ नये म्हणून. आणि घरी उपाय स्वस्त आहे. पट्टा पृथ्वीला जोडला पाहिजे, असा लोकांचा समज असतो, आणि आपल्याकडे कित्येक घरांत तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थिंग धड नसतं. लॅपटॉपचा चार्जर तर पुष्कळदा दोन पिनांचाच. धातूच्या लॅपटॉपला चार्जर लावून हात फिरवला की झिणझिण्या येतात ना? ती चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून येणारी बारीक गळती. म्हणजे तेव्हा यंत्राचं अंग पृथ्वीच्या पातळीवर नसतं. म्हणून चार्जर आणि बॅटरी दोन्ही सुटलेली असताना पट्ट्याचा चिमटा यंत्राच्याच धातूच्या चौकटीला लावायचा. आपलं अंग आणि बोर्ड एका पातळीवर आले, की दोघांत ठिणगी पडायचं कारण उरत नाही. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोधक असतो, तो माणसासाठी. साधी तार बांधून काम भागवायचं नाही. पट्टा नसेल तर सुती कपडे, लाकडी टेबल, आणि चिपला हात लावण्याआधी दर वेळी चौकटीला स्पर्श. पट्ट्याच्या बाबतीत मी आग्रही नाही. क्रमाच्या बाबतीत आहे.

साशंक : एवढं मी मान्य करतो. स्क्रूंचं काय ते सांगू नका. कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवायचा, प्रत्येक टप्प्याला फोटो काढायचा, हे शहाणा माणूस करतोच. मला फुगलेल्या बॅटरीबद्दल विचारायचं आहे. टचपॅड वर आलं, झाकण नीट मिटत नाही, आणि मालक म्हणतो, मीच बदलतो. तिथेही तुमची तयारी पुरेल?

हौशी : नाही. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे. फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू साठलेला पाऊच. तिला चार्ज करायचं नाही, दाबून झाकण बसवायचं नाही, आणि गोंदाने चिकटलेली असेल तर घरी उचकटायची नाही. यंत्र बंद करून पलंग, पडदे, कागद यांपासून लांब, फरशीवर ठेवायचं आणि जाणत्या माणसाकडे न्यायचं. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कुठे थांबायचं हे आधी ठरवणं, हाही तयारीचाच भाग मी धरतो. पण इथे मला तुम्हाला उलट प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही म्हणता, दुकानात द्या. दुकानात देताना तयारी लागत नाही?

साशंक : यंत्र दिलं, पावती घेतली. अजून काय?

हौशी : पासवर्ड. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी हा प्रयोग केला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लॅपटॉप दुरुस्तीला दिले, आणि आत कोण काय उघडतं याची नोंद गुपचूप ठेवली. ज्या १२ दुकानांच्या नोंदी हाती आल्या, त्यांतल्या ६ ठिकाणी खाजगी फाइली उघडून पाहिल्या गेल्या होत्या. दोन ठिकाणी त्या दुसऱ्या उपकरणावर उतरवूनही घेतल्या होत्या. यंत्र बाईचं आहे असं दिसलं, तर डोकावणं जास्त. आणि बॅटरी बदलायला, जिथे यंत्रात शिरण्याची गरजच नाही, तिथेही जवळजवळ सगळ्यांनी पासवर्ड मागितला. म्हणून मी म्हणतो, एसएसडी सुटी असेल तर एक स्क्रू काढून ती घरी ठेवा आणि यंत्र दुकानात न्या. म्हणजे घरी उघडायला लागलंच.

साशंक : आता माझी बाजू ऐका, कारण दुकानदाराची बाजू कोणी मांडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं कीबोर्ड बदला. बदलल्यावर प्रत्येक बटण चालतं का, आवाज येतो का, वायफाय पकडतं का, हे बघायला यंत्र सुरू करावं लागतं. एसएसडी नसलेलं यंत्र तो तपासणार कसा? न तपासता दिलं आणि घरी गेल्यावर स्पीकर चालला नाही, तर भांडण कोणाशी? शिवाय यंत्र आणताना फोटो होते आणि आता नाहीत, असा आरोप त्याच्यावरच होतो. मालकाने कधी बॅकअप घेतलेला नसतो, आणि ते तो कबूल करत नाही. डोकावणारे आहेत, मी नाकारत नाही. पण प्रामाणिक कारागिराकडे स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला काही साधन नाही, हे त्या प्रयोगात कुठे येतं?

हौशी : हे मी एवढ्या नेमकेपणाने ऐकलं नव्हतं, आणि त्याला माझं उत्तर अर्धंच आहे. तपासणीसाठी यंत्रात वेगळं, रिकामं खातं करून त्याचाच पासवर्ड द्यावा. त्या खात्यातून आपल्या फाइली दिसत नाहीत ना, हे मात्र आधी उघडून बघावं. त्या रिकाम्या खात्याला प्रशासकाचे हक्क देऊ नयेत. किंवा कारागिराने स्वतःच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कीबोर्ड, आवाज, वायफाय तपासावं. आणि यंत्र देताना दोघांनी मिळून पावतीवर लिहावं : रॅम किती, एसएसडी कुठली आणि तिचा क्रमांक काय, झाकणावर ओरखडा कुठे आहे, बॅकअप घेतला आहे की नाही. त्याखाली मालकाची सही. ही नोंद मालकाला जितकी राखते, तितकीच कारागिरालाही. पण तुमचं खरं आहे, हे दोघांनी मिळून करायचं काम आहे. मी आतापर्यंत ते एकट्या मालकाचं समजत होतो.

साशंक : मग यंत्र बनवणाऱ्याला का सोडता? तुमच्या तयारीचं सगळं ओझं वापरणाऱ्यावर आणि दुरुस्तीवाल्यावर आहे. बॅटरी बायोसमधून बंद करता येते, असं तुम्हीच म्हणालात. मग ती सोय प्रत्येक यंत्रात का नसावी? २०२१ मध्ये फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने एका स्क्रू ड्रायव्हरने उघडता येणारा, स्क्रू तळातच अडकून राहणारा लॅपटॉप आणला. लेनोवो थिंकपॅडच्या दुरुस्ती-पुस्तिका सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याकडे २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, चर्चा झाल्या. तरी रॅम आणि साठवण बोर्डालाच सोल्डर केलेली यंत्रं आपण विकत घेतोच आहोत. अशा यंत्राची काय तयारी करणार तुम्ही? एसएसडी काढून घरी ठेवा, हा सल्ला तिथे संपला.

हौशी : तिथे एकच तयारी उरते, बॅकअप. आणि तो रोजचा असावा लागतो.

साशंक : म्हणजे बघा, आता खरी अडचण पुढे आली. तुमची सगळी यादी चालत्या यंत्रासाठी आहे. चार्ज २५ टक्क्यांवर आणा, की शोधा, बिटलॉकर थांबवा, वेगळं खातं करा, फाइंड माय बंद करा. पण दुरुस्तीला बहुतेक यंत्र येतं ते मेलेलंच. चहा सांडलेला असतो, स्क्रीन काळी असते. बॅटरीत किती चार्ज आहे, कोणाला माहीत?

हौशी : मेलेल्या यंत्राची बॅटरी पूर्ण भरलेली आहे असं धरूनच चालायचं. चहा सांडला असेल तर चालू होतं का हे बघण्याचा मोह टाळायचा. चार्जर काढायचा, आणि उघडता येत असेल तर लगेच बॅटरी सोडवायची, कारण ओल्या बोर्डावर वीज असेल तर तांबं गंजायला वेळ लागत नाही. एसएसडी सुटी असेल तर ती डबीत घालून दुसऱ्या यंत्राला जोडायची. मग उरतं ते कुलूप. तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतं : तयारी दुरुस्तीच्या दिवशी सुरू होत नाही. यंत्र नवं घेतलं त्या आठवड्यात ती सुरू व्हायला हवी. बॅकअप लावायचा, आणि रिकव्हरी की छापून घरात ठेवायची.

साशंक : घरात कुठे, आणि कोणाला माहीत असताना? माणूस जातो. त्याचा लॅपटॉप उरतो, त्यात पंधरा वर्षांचे फोटो. बायको-मुलं तो घेऊन दुकानात येतात, आणि कुलूप उघडत नाही. कारागिराकडे उत्तर नसतं. म्हणजे की घरातल्यांना माहीत हवी. पण ज्या कुलुपाने दुकानातल्या डोकावणाऱ्याला अडवायचं, तेच कुलूप मग घरातल्या प्रत्येकाला उघडं. नवऱ्यापासून काही जपून ठेवणाऱ्या बाईने ती की कोणाच्या हाती द्यायची?

हौशी : माझी की कपाटात आहे आणि घरात सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या मुलीने तिच्या लॅपटॉपची की मला द्यावी, असं मी म्हणू शकत नाही. ती मोठी आहे, तिने ती देऊ नये, असंच मला वाटतं. बॅकअप मात्र तिने तिच्याच ताब्यातल्या डिस्कवर घ्यावा, एवढं मी तिच्याकडे मागू शकतो.

साशंक : आणि त्या डिस्कवरही कुलूप घालायला तुम्ही तिला सांगाल.

हौशी : हो, सांगेन.

साशंक : मग त्या दुसऱ्या कुलुपाची किल्ली कोणाकडे असेल, हे तिच्याशी बोलून ठरवा. मी मात्र अजूनही म्हणेन की तळाचे स्क्रू तिने जाणत्या माणसाकडून काढून घ्यावेत.

हौशी : पहिल्यांदा जाणत्या माणसाशेजारी बसून तिने ते स्वतः काढावेत, असं मी म्हणेन. जाणता माणूस शेजारी बसू देईल की नाही, ते तुमच्या दुकानदारांना विचारायला हवं.